दोह्यात तात्या विंचू

कतारमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. आमच्या चिरंजिवांना मुंबईच्या कारखान्यात इतक्या वर्षांत जे साधले नाही ते दोह्यात आयतेच साधले : शब्बाथला घरी राहणे. त्यामुळे त्यांच्या घरातली सिनेमाची रात्र गुरुवारी पडते. यंदा मे महिन्यात आम्ही उभयता ठाण्याहून त्यांच्याकडे दोन महिने राहायला गेलो. बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन, संध्याकाळीही खाली उतरवत नव्हते. दहा वर्षांची नात आणि शेजारच्या कोल्हापूरकरांची दोन मुले यांना रमवण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही म्हटले, भुताचे सिनेमे दाखवू. आमच्या सौ. म्हणाल्या, "पोरं रात्री झोपली नाहीत तर तुम्ही जागा." शेवटी अट अशी पडली की भूत असेल तर असो, पण हसूही असले पाहिजे.

अट वरवर सोपी वाटते. भीती आणि हसू एकत्र दाखवणारे सिनेमे पुष्कळ आहेत. पण बहुतेकांत ती दोन्ही ताटातल्या वेगवेगळ्या वाट्यांसारखी असतात. आमच्या पिढीने 'बीस साल बाद' (1962) पाहिला तेव्हा हवेलीचा प्रसंग आला की जीव मुठीत धरायचा, आणि असित सेन गुप्तहेर गोपीचंद होऊन सावकाश, एकेक शब्द लांबवत बोलू लागले की पाय पसरून हसायचे. ते गेले की पुन्हा भीती. ही रीत पारशी रंगभूमीवरून आली. तिथे गंभीर कथा एकीकडे आणि 'कॉमिक' दुसरीकडे चाले, दोघांची गाठ पडायची गरज नसे. त्या रंगभूमीचे एक मोठे लेखक आपलेच होते, जोसेफ डेव्हिड पेणकर. 'आलम आरा' (1931) हा पहिला बोलपट त्यांच्याच नाटकावरून झाला आणि वाडिया बंधूंचा पहिला बोलपट 'लाल-ए-यमन' (1933) त्यांनीच लिहिला. त्यात जिन्न आहे, जादू आहे, राजवाडा आहे. हिंदी पडद्यावरच्या जिन्नाला अगदी सुरुवातीला बोलायला शिकवणाऱ्यांत एक बेने इस्राएल होता, ही गोष्ट आपल्या समाजाच्या कार्यक्रमांतून फारशी कोणी सांगत नाही. डेव्हिड अब्राहम चेऊलकरांचे नाव निघते, सुलोचनाबाईंचे निघते, पेणकरांचे राहून जाते.

तर पहिल्या गुरुवारी आम्ही 'झपाटलेला' लावला. महेश कोठारे यांचा 1993 सालचा हा सिनेमा. इथे एक कबुली द्यायला हवी. हा सिनेमा आला तेव्हा आमचे त्याविषयी मत वाईट होते आणि ते आम्ही चारचौघांत मोठ्याने सांगितलेही होते. अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले' (1988) वरून उचललेले कथानक, मध्येच गाणी, लक्ष्याचा आरडाओरडा. बाष्कळ, असा एक शब्द वापरून आम्ही मोकळे झालो होतो. बत्तीस वर्षांनी तीन मुलांच्या मध्ये बसून पाहिला तेव्हा कळले की आम्ही तो नीट पाहिलाच नव्हता.

गोष्ट वाचकांना ठाऊक असेल. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्राच्या जोरावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो. ते बाहुले लक्ष्याकडे येते. आणि लक्ष्या कोण, तर बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा! मूळ इंग्रजी सिनेमात बाहुले एका लहान मुलाच्या हाती पडते. मूल म्हणते बाहुली बोलते, मोठे म्हणतात मुलाची कल्पना. मराठीत त्या जागी पोटासाठी बाहुल्या बोलवणारा माणूस आणून बसवला, आणि इथेच हा सिनेमा नक्कल राहत नाही. ज्याचा धंदाच निर्जीव बाहुल्याला आवाज देण्याचा, तो गावभर ओरडत सुटतो की हे बाहुले स्वतःहून बोलते. कोण विश्वास ठेवणार? लोक हसतात, कारण त्यांना तो खेळच वाटतो. आपणही हसतो. पण आपल्याला खरे काय ते माहीत आहे, त्यामुळे हसता हसता घसा कोरडा पडतो. विनोद आणि भीती एकाच वाक्यातून निघतात. वाट्या वेगळ्या राहत नाहीत.

दुसरे आमच्या ध्यानात आले ते दिलीप प्रभावळकरांचा आवाज. तात्या विंचू ते स्वतःच झाले आहेत आणि बाहुल्याचा आवाजही त्यांचाच. तो आवाज कुठेही प्रेक्षकाकडे पाहून डोळा मारत नाही. बाहुले दोन-अडीच फुटांचे, पण बोलणे पक्क्या खुन्याचे. हेच प्रभावळकर 'एक डाव भुताचा' (1982) मध्ये साधेभोळे मास्तर होते आणि भुताची भूमिका अशोक सराफ यांच्याकडे होती. ते भूत मदतीला धावणारे, मिरासदारांच्या लेखणीतले. अकरा वर्षांत मास्तरांचे भूत झाले, आणि ते भूत जराही प्रेमळ नव्हते. बाहुले बनवले आणि हलवले रामदास पाध्ये यांनी. आपण ज्यांना अर्धवटरावांबरोबर पाहत आलो तेच पाध्ये. अर्धवटरावांची मान वळली की घर हसते. त्याच हातांनी तात्याची मान वळवली की शेजारच्या कोल्हापूरकरांचा धाकटा सोफ्याच्या मागे गेला. कसब तेच, मान वळण्याचा वेग तेवढा वेगळा.

आणि लक्ष्मीकांत बेर्डे. त्यांच्या विनोदाविषयी जाणत्या लोकांत नाक मुरडण्याची पद्धत होती, आम्हीही त्यांतलेच. पण घाबरण्याचा अभिनय करायला जे धैर्य लागते ते त्यांच्याकडे होते. लक्ष्या खरोखर घाबरतो. हसे व्हावे म्हणून तो घाबरत नाही, आपण हसतो याची त्याला खबरही नसते. बेर्डे 2004 च्या डिसेंबरात गेले. 'झपाटलेला 2' (2013) मध्ये त्यांच्या जागी कुणाला बसवणे शक्य नव्हते, तसे केलेही नाही, लक्ष्याचा मुलगा नायक झाला. पण तोवर तात्या विंचू लोकांचा लाडका झाला होता. तो पडद्यावर आला की टाळ्या पडत. ज्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या त्याची भीती कशी वाटावी? थ्रीडी चष्म्यातून अंगावर काय काय येते, पण पोटात गोळा येत नाही. आम्ही तो मुलांना दाखवला नाही. त्यांनी हट्ट केला, तरीही.

दुसऱ्या गुरुवारी 1948 चा 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन'. मुलांना काळा-पांढरा सिनेमा चालेल का, ही धास्ती होती. दहा मिनिटांत ती गेली. लठ्ठ कॉस्टेलोला सगळे दिसते : शवपेटीचे झाकण हलते, त्यावरची मेणबत्ती सरकते. सडपातळ ॲबट येतो तेव्हा सगळे जिथल्या तिथे. आमची नात ओरडली, "हा तर लक्ष्या!" अगदी बरोबर. एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसते त्याला वेड्यात काढतात. एका प्रसंगी कॉस्टेलो अंधारात खुर्ची समजून राक्षसाच्याच मांडीवर बसतो आणि आपल्याला हात किती हे मोजू लागतो. मुले गडाबडा लोळली.

पण त्या सिनेमाचा प्राण बेला लुगोसी यांच्यात आहे. त्यांनी पडद्यावर ड्रॅक्युला दोनदाच केला, 1931 मध्ये आणि यात. भोवती एवढा दंगा चालला असताना ते एकदाही हसत नाहीत. लॉन चेनी यांचा लांडगामाणूस तर शोकांतिकेतला नायक शोभावा. पौर्णिमेला आपले काय होणार हे तो जीव तोडून सांगतो आणि विदूषक त्याला थट्टेवारी नेतात. तोही लक्ष्याच, फक्त उलट्या बाजूचा. या लांडगामाणसाची मूळ कथा (1941) लिहिणारे कर्ट सिओडमाक हे हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेले यहुदी. त्या कथेत लांडगामाणसाला आपल्या पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो. 1941 साली ताऱ्याच्या खुणेने कोणाचा बळी ठरत होता, हे आपल्या वाचकांना आम्ही समजावायला नको. मुलांनाही त्या रात्री ते आम्ही सांगितले नाही.

हे सगळे राक्षस ज्या युनिव्हर्सल कंपनीत जन्मले तिचे संस्थापक कार्ल लेम्ले हेही जर्मनीतल्या लाउपहाइम गावचे यहुदी. म्हातारपणी त्यांनी आपल्या गावच्या आणि इतर यहुद्यांसाठी अमेरिकेत येण्याची हमीपत्रे लिहून दिली, तीनशेहून अधिक माणसे त्यामुळे वाचली. 1939 मध्ये ते वारले. पडद्यावर खोटे राक्षस पोसणाऱ्या माणसाला खरा राक्षस वेळेवर ओळखता आला.

आपल्या घरचा जुना राक्षस म्हणजे गोलेम. तेहिल्लीमच्या 139 व्या स्तोत्रात हा शब्द अजून आकार न आलेल्या देहासाठी येतो. तलमूदमध्ये रावा एक माणूस घडवून रब्बी झेराकडे पाठवतो, रब्बी त्याच्याशी बोलू जातात, तो उत्तर देत नाही, आणि रब्बी त्याला मातीत परत जा म्हणून सांगतात. पाउल वेगेनर यांनी 1920 मध्ये प्रागच्या गोलेमवर मूक सिनेमा काढला. त्याच्या शेवटी वेशीबाहेर खेळणारी एक चिमुरडी या धिप्पाड मातीच्या माणसाला सफरचंद देऊ करते आणि सहज खेळता खेळता त्याच्या छातीवरचा तारा उपटते. तो कोसळतो. भीतीचा शेवट एका पोरखेळाने. आणि आजच्या हिब्रूत गोलेम म्हणजे काय? ठोंब्या. दिमोनाला राहणारी आमची धाकटी बहीण आमच्या कैलासवासी मेहुण्यांना दिवसातून चारदा गोलेम म्हणायची आणि ते पेपर खाली न करता "हो" म्हणायचे.

तिसऱ्या गुरुवारी मेल ब्रूक्स यांचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (1974). ब्रूक्स म्हणजे ब्रुकलिनचे कामिन्स्की, नायक जीन वाइल्डर म्हणजे सिल्बरमान, दोघेही आपल्यातलेच. थट्टा करायची म्हणून त्यांनी सिनेमा काळा-पांढरा काढला, जुन्या सिनेमातली प्रयोगशाळेची खरी यंत्रे शोधून आणली. ज्याची टर उडवायची त्याच्यावर एवढे प्रेम असावे लागते. त्यात आंधळा साधू राक्षसाला जेवू घालतो : गरम सूप वाटीऐवजी त्याच्या मांडीत ओततो, चिरूट म्हणून त्याचा अंगठा पेटवतो. मुले हसून बेजार. हसणे ओसरल्यावर नातीने विचारले, "आजोबा, पण त्याला दुखलं ना?" मग आम्ही तिला जेम्स व्हेल यांच्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (1935) मधला मूळ प्रसंग दाखवला. तिथे आंधळा म्हातारा त्याला भाकरी देतो, दारू देतो, चिरूट ओढायला शिकवतो, चार शब्द बोलायला शिकवतो. तिथेही हसू येते, पण राक्षसाचे डोळे भरून येतात. नात काही बोलली नाही. तिने दोन्ही पुन्हा लावायला सांगितले, आधी थट्टा आणि मग मूळ.

चांगल्या भयविनोदी सिनेमात भूत आपले काम मन लावून करते. विदूषकाने हवे ते करावे. भुताने विदूषकी केली की दोघेही मेले. या कसोटीवर अलीकडचा 'मुंज्या' (2024) आम्हाला अर्धाच उतरलेला दिसतो. आदित्य सरपोतदार कोकण ओळखतात. झाड, समुद्र, सुहास जोशींची आजी, सगळे आपल्या ओळखीचे. सोडमुंज न होताच गेलेल्या पोराचा हट्ट ही मुंजाची खरी गोष्ट, आणि ती त्यांनी सोडलेली नाही. पण संगणकावर घडवलेला त्यांचा मुंजा इतका बडबडतो, इतका नाचतो, की तासाभराने तो शेजारचा द्वाड मुलगा वाटू लागतो. पाध्यांच्या बाहुल्याला नीट चालताही येत नव्हते. त्याची उणीवच भीतीच्या कामी आली.

मुंजा आमच्या घरचा. रेवदंड्याला आजीच्या घरामागे पिंपळ होता. तिन्हीसांजेला तिथून जाताना शेमा म्हणायचा, असा तिचा दंडक. आम्ही एकदा शहाणपणाने विचारले, मुंजा ब्राह्मणाचा, त्याला शेमा कशी कळणार? आजी म्हणाली, "त्याला हिब्रू कुठली कळायला? पण आवाज चढवून म्हटलं की समजतो." हे सांगताना ती हसत होती. पिंपळाखालून जाताना मात्र हसत नसे.

मुलाच्या कचेरीतल्या एका वयस्क कतारी गृहस्थांना आम्ही गिऱ्ह्याची गोष्ट सांगितली, कोकणातल्या पाण्यातल्या भुताची. ते बऱ्यापैकी हिंदी बोलतात, वडील मोती विकायला मुंबईला जात. तेलाआधी कतार मोत्यांवर जगत होता, आणि 1966 पर्यंत इथे रुपयाच चालत होता. ते म्हणाले, आमच्याकडे बू दर्या आहे. रात्री समुद्रातून बुडणाऱ्या माणसासारखा हाका मारतो आणि दया येऊन वाचवायला जाईल त्याला ओढून नेतो. त्यांच्या नातवंडांना तो गमतीचा वाटतो. ते स्वतःही हसले. मग म्हणाले, माझे आजोबा होडीवर असत, ते नव्हते हसत. होड्या थांबल्यावर भूत हास्यास्पद झाले. ज्याची भीती पेन्शनीत निघाली त्याच्यावर हसणे सोपे, आणि त्या हसण्याला फार चवही नसते.

आता 23 जूनची संध्याकाळ. इस्राएलमधल्या वाचकांनी त्याआधीचे दहा-बारा दिवस कसे काढले ते त्यांना आम्ही काय सांगावे. दिमोनाच्या बहिणीचे निरोप रात्री-अपरात्री येत आणि आम्ही दोह्याच्या वातानुकूलित घरात बसून काळजी करत होतो. त्या संध्याकाळी इराणने अल उदेदच्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे सोडली. तळ दोह्याच्या नैऋत्येला, आमच्या घरापासून तसा लांब. पण आकाशात ठिणग्या दिसल्या, धमाके ऐकू आले, खिडक्या थरथरल्या. सूनबाईंनी मुलांना आतल्या खोलीत नेले, कोल्हापूरकरही आले. कोणी काही बोलेना. सौ. पुटपुटत शेमा म्हणत होत्या. आणि एका धमाक्यानंतरच्या शांततेत, पलंगाखालून, कोल्हापूरकरांच्या धाकट्याने घोगरा आवाज काढून तात्या विंचूचा मंत्र म्हणायला सुरुवात केली. पूर्ण, न चुकता.

आधी त्याची आई हसली. मग सगळेच. ते हसणे थोडे विचित्रच होते, नातीच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती हसत होती. तो मंत्र सिनेमात खुन्याचा आहे, मरणाला चुकवून दुसऱ्याच्या देहात शिरण्याचा. पोराने तो आमच्यासाठी वापरला. सौ. मधेच थांबल्या होत्या, त्यांनी शेमा पुन्हा पहिल्यापासून म्हटली, जरा आवाज चढवून.

थोड्या वेळाने बहिणीचा ध्वनिसंदेश आला. "तुमच्याकडे मिक्लात नाही? कसले श्रीमंत रे तुम्ही!" दोन दिवसांनी, लढाई थांबल्यावर, तिचा मोठा निरोप आला. आम्ही मे महिन्यात 'झपाटलेला'चे एवढे गुणगान केले होते की तिने तो इमारतीच्या मिक्लातमध्ये आपल्या फोनवर लावला होता. मोरोक्कोची एक शेजारीण, रशियाचे एक जोडपे, त्यांची नातवंडे. बहीण मराठी ऐकून हिब्रूत सांगत होती. लक्ष्या सांगायला अडचण आली नाही, घाबरलेला माणूस सगळ्यांना कळतो. अडली ती नावापाशी. 'झपाटलेला' म्हणजे काय सांगायचे? मग ती म्हणाली, अहूझ दिब्बुक, दिब्बुकने धरलेला. त्यासरशी मोरोक्कोची शेजारीण सरसावून बसली, म्हणाली, अस्से होय, मग पहिल्यापासून लाव, आमच्या थोरल्या जावयाला हेच झालंय.